सहाव्या पानावरचा प्रश्न

चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत काचा घासण्यात बाईंची सव्वीस वर्षं गेली होती. सगळे त्यांना काचवाल्या बाईच म्हणत. पन्नाशीला टेकल्यावर एका मैत्रिणीच्या आग्रहाखातर त्या नेमबाजीच्या क्लबात डोकावल्या आणि तिथल्याच होऊन गेल्या. सहा वर्षं क्लबाच्या पिस्तुलावर निभावलं. पण त्याची मूठ मोठ्या पंजाची. बाईंचं बोट चापापर्यंत पोचेतो मनगट वळून जायचं. शेवटी प्रशिक्षकच म्हणाले, "आता स्वतःचं घ्या. परवान्याचा अर्ज करून टाका."

अर्ज आठ पानी होता. बाईंनी पाच पानं झरझर भरली. सहाव्यावर पेन अडलं. घरातल्या कोणी कधी जिवाचं बरंवाईट करून घ्यायचा प्रयत्न केला आहे का?

तीन वर्षांपूर्वी छापखाना बंद पडला, आणि तिथे उभी हयात घालवलेल्या यजमानांनी एका दुपारी झोपेच्या गोळ्यांची बाटली रिकामी केली. वेळेवर दवाखाना गाठला म्हणून निभावलं. दिरांनी नातेवाइकांत 'छातीत दुखलं' असं सांगितलं, आणि पुढे घरातही तेच चालू राहिलं.

क्लबाच्या चिटणिसांनी अडलेलं पान पाहिलं. "सरळ 'नाही' लिहा हो. कोण बघायला येतंय?"

बाईंनी अर्ज घरी नेला आणि यजमानांसमोर ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो प्रश्न दोनदा वाचला.

"मला भितेस?"

"तुम्हाला नाही. त्या दिवशी मी भाजी घेऊन दहा मिनिटांत परतले होते. ती दहा मिनिटं अजून जात नाहीत माझ्या मनातून."

"म्हणून माझ्या गोळ्या पर्समध्ये घेऊन फिरतेस."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"पहिल्या आठवड्यापासून." त्यांनी कागद बाईंकडे सरकवला. "होय लिही. तारीखही घाल."

महिन्याभराने चौकशीला एक अधिकारीबाई आल्या. खिडक्यांचे गज, कपाटाचं कुलूप बघून झाल्यावर त्या यजमानांकडे वळल्या. "तुमची काही हरकत?"

"तिने पिस्तूल जरूर घ्यावं," ते म्हणाले, "पण घरात आणू नये. आज मी बरा आहे. माझ्या प्रत्येक दिवसाची हमी मात्र मला देता येत नाही."

परक्या माणसासमोर हे बोलताना त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही. चहाचे कप घेऊन आलेल्या बाई मात्र दारातच थबकल्या.

चार महिन्यांनी परवाना आला. पिस्तूल क्लबाच्या तिजोरीतच राहील, अशी अट त्यात होती. चिटणीस हळहळले, "उगाच खरं लिहिलंत."

नव्या पिस्तुलावर पहिला सराव होता त्या दिवशी यजमान आपणहून बरोबर निघाले. कानांवर जाड आवरणं लावून मागच्या बाकावर तासभर बसले. बाईंच्या पहिल्या काही गोळ्या भरकटल्या; मग हात स्थिरावला.

परतताना त्यांनी बस सोडून दिली. "चालत जाऊ या," ते म्हणाले. दोन चौक ओलांडले. मग, कुणी न विचारता, त्या दुपारी बाटली हातात घेण्याआधी मनात काय चाललं होतं, ते त्यांनी पहिल्यांदाच सांगायला सुरुवात केली. बाईंनी पावलं आणखी सावकाश टाकली.