धुळाप्पाला दिसलेला बुध

अणदूरच्या धुळाप्पाला चार वर्षांत दुर्बिणीतून एकदाही काही दिसलं नव्हतं, आणि ही गोष्ट त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती.

तो आकाश बघणाऱ्यांच्या मंडळात आला तो आपल्या टमटममुळं. तुळजापूरच्या नारायणराव सरांनी शाळेतून निवृत्त झाल्यावर दुर्बिणीची नळी घेतली, बँकेतल्या मैथिलीनं भिंगं आणली आणि नळदुर्गच्या शरणबसप्पानं आपल्या वेल्डिंगच्या दुकानात स्टँड जोडला. तो इतका जड झाला की माळावर न्यायला गाडीच लागायची. पहिल्या खेपेला धुळाप्पानं भाडं घेतलं. दुसऱ्या खेपेला बापाच्या मेंढरांच्या लोकरीचं घोंगडं आणून नळीभोवती गुंडाळलं आणि म्हणाला, "भाडं नगं. मलाबी तुमच्यात घ्या."

पण भिंगाला डोळा लावला की त्याला दिसायच्या स्वतःच्या पापण्या, नाहीतर नुसता काळोख. पहिल्या दिवशी मागं रांग लागलेली. सरांनी विचारलं, "दिसली का शनीची कडी?"

"व्हय व्हय, लई झ्याक!" म्हणत तो बाजूला झाला. एकदा असं बोलून बसल्यावर पुढं खरं सांगायचं कसं? माणसं चांगली होती, गप्पा चांगल्या होत्या. तो येत राहिला. घरी बायको गजराबाई विचारायची तेव्हा मैथिलीचं ऐकलेलं तो आपलं म्हणून सांगायचा, वर थोडं तिखटमीठही लावायचा. तीही मोठ्या कौतुकानं ते गल्लीत सांगायची.

दोन हजार सोळाच्या मे महिन्यात बुध सूर्यावरून जाणार होता. ते ऐकून गजराबाई हटून बसली. "रातीचं मला जमत न्हाय. ह्ये तर दिवसाढवळ्या हाय. म्या येणार, आन् तुमीच मला दावायचं."

धुळाप्पा टमटम पुसायच्या निमित्तानं बाहेर सटकला.

त्या दिवशी ऊन कलायच्या आत सगळे माळावर जमले. सूर्याकडं बघायचं तर दुर्बिणीच्या तोंडाला खास चंदेरी फिल्म लावावी लागते. मैथिलीनं ती उजेडात धरली आणि तिचा चेहराच उतरला. फिल्मला बारीकसं भोक पडलं होतं.

"सर, यातून कुणीच बघायचं नाही. डोळा जाईल."

सरांनी फिल्म काढून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "आत बघायचंच कशाला? सूर्य कागदावर पाडू."

पुठ्ठ्यावर पांढरा कागद डकवला. तो दुर्बिणीच्या मागं धरायचं काम धुळाप्पाकडं आलं. सरांनी नळीची सावली बघत बघत ती वळवली, आणि कागदावर भाकरीएवढा लखलखीत सूर्य उतरला. त्यावर सूर्याचेच दोनचार फिकट डाग होते.

"मामा, हलवू नका हं," मैथिली म्हणाली.

धुळाप्पानं श्वास रोखला. बघता बघता सूर्याच्या कडेला सुईनं टोचल्यागत खूण उमटली, हळूहळू आत सरकली आणि तिचा गोल, काळाभोर ठिपका झाला. त्याच्या दोन हातांच्या मधोमध.

"ह्यो बघ! गजरे, ह्यो बघ, मोहरीएवढा!" तो इतक्या जोरात ओरडला की पुठ्ठा हलला आणि सूर्य कागदाबाहेर गेला.

सूर्य पुन्हा जागेवर आला तसे गजराबाईनं हात जोडले. "येळकोट येळकोट..." मग तिचं लक्ष नवऱ्याकडं गेलं. "अवं, तुमी तर सारखंच बघताय की. मग आज डोळ्यांत पाणी का?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "न्हाय बघितलं," धुळाप्पा म्हणाला. "कदीच न्हाय. त्या भिंगात मला पापण्याच दिसत्यात."

शरणबसप्पाला हसू आवरेना. गजराबाईचे डोळे मोठे झाले. "मग ती शनीची कडी?"

"मैथिलीताईची."

"आगं बया! आन् म्या गल्लीभर सांगत फिरले!" ती रागानं बघत राहिली, आणि मग तिनंच पदर तोंडाला लावला. ती खुदुखुदु हसत होती.

सरांना मात्र हसू आलं नाही. "धुळाप्पा, चूक माझी. मी नेहमी दिसलं का एवढंच विचारलं. काय दिसतंय, हे एकदाही विचारलं नाही."

ठिपका अंगावर घेऊनच सूर्य डोंगराआड गेला. मग सरांनी धुळाप्पाला स्टुलावर बसवलं, दुर्बीण गुरूकडं वळवली आणि डोळा भिंगापासून किती लांब ठेवायचा ते शिकवलं. लई खटपट झाली. गजराबाईला गुरूजवळचे चंद्र पहिल्या झटक्यात दिसले. धुळाप्पाला पापण्याच दिसल्या.

त्याला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. पुढच्या रविवारी तो सरांकडं गेला आणि हक्कानं दुर्बीण मागून घेऊन आला. आता सुट्टीच्या दिवशी अणदूरच्या टमटम स्टँडवर तो कागदावर सूर्य पाडतो. गाडी भरेपर्यंत प्रवासी डाग बघत उभे राहतात. कुणी नुसतं "दिसलं" म्हणालं तर धुळाप्पा त्याला सोडत नाही.

"कुठं दिसलं? बोट ठेवून दाव."