मशीनचं माहेर

सून सारखी रुसायला लागली की शहाणी माणसं तिच्या माहेरी जाऊन विचारून येतात. आमचं कांडप (मिरची-मसाला कुटायचं मुसळांचं मशीन) तीन आठवडे रुसत होतं. म्हणून मी कराडहून एसटीनं त्याच्या माहेरी, छत्रपती संभाजीनगरला निघाले.

बचत गटातल्या आम्ही चौघी त्यावर चटणी कुटून देतो. उन्हाळ्याचे दोन महिने कुटायचं आणि त्यावर वर्ष काढायचं. पण मशीन दर अर्ध्या तासानं थांबायचं. मग फोन, मग ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’, मग एक बाई गोड आवाजात नंबर विचारणार, कुठूनतरी कळ दाबली जाणार आणि मुसळं हलणार. तोवर गिऱ्हाईक मिरची उचलून शेजारच्या जुन्या डंकावर गेलेलं. अजून आठवडा असाच गेला असता तर गट मोडला असता.

नगर सोडल्यावर रसवंतीवर गाडी थांबली. ऊन असं कोरडं की ग्लास तोंडाला लावेपर्यंत घसा पुन्हा सुकला. पुढे वाळूजचे कारखाने खिडकीतून कौतुकानं बघितले आणि थेट स्टँडवर उतरले. आमची कंपनी वाळूजलाच आहे, हे मला रिक्षावाल्या सलीमभाईंनी सांगितलं.

“अम्मा, जिथून आलात तिथंच जायचंय की! पर अब उधर मशीन कम, एसी ज्यादा है,” ते म्हणाले. आल्या रस्त्यानं आम्ही परत फिरलो.

कंपनीत एका टापटीप साहेबांनी मला थंड पाणी दिलं. मी म्हटलं, “तुम्ही विकलेलं मशीन चालत नाही.”

“मॅडम, आम्ही मशीन विकत नाही. मशीन तुमच्याकडे नुसतं ठेवलंय. आम्ही चालणं विकतो.”

“आणि बंद पडणं?”

“त्याला वेगळा प्लॅन आहे.”

मोटर एका देशातली, आराखडा दुसऱ्या देशातला, आणि आमचं मशीन किती हादरतंय हे तिसऱ्याच देशात बसून कोणीतरी ठरवतो म्हणे. कराडची मिरची, तिचा ठसका सातासमुद्रापार! मी विचारलं, “मग इथं काय बनतं?” साहेबांनी टाय सरळ केला. “अनुभव,” ते म्हणाले.

तो अनुभव दाखवायला त्यांनी मला आत नेलं. एका शेडमध्ये पाचसहा जण बोल्ट आवळत होते. शेजारी लग्नाच्या हॉलएवढ्या खोलीत माणसंच माणसं, सगळ्यांच्या कानावर हेडफोन. तेवढ्यात मागून आवाज आला, “नमस्कार, मी आपली काय सेवा करू शकते?” मी गर्रकन वळले. अगं बाई, हीच ती!

जेवणाच्या सुट्टीत या फोनवरच्या बाईंनी, सुजाताताईंनी, मला गेटबाहेरच्या कडुलिंबाखाली बसवलं आणि डब्यातली अर्धी भाकरी पुढे केली. त्या खुलताबादकडच्या. अठरा वर्षं याच शेडमध्ये फिटर होत्या.

“हातातला पाना गेला, कानाला हेडफोन आला,” त्या म्हणाल्या. “तुमच्या मशीनला काय बी झालं नाय. हादरा मोजायची डबी पायाला लावलीय. कुटलं की तिला वाटतं बिघाड झाला, आन् मशीन बंद. कुटायचं मशीन हादरणार नाय तर काय नाचणार? चारी पायांखाली टायरचा रबर आन् वर गोणपाटाची घडी घाला. बास.”

“हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?”

“तुमच्या पहिल्या फोनपासनं. मागं आवाज येत व्हता ना.”

असा राग आला मला! “तीन आठवडे मी रडत होते आणि तुम्ही नंबर विचारत बसलात?”

त्यांनी भाकरी खाली ठेवली. “कॉल रेकॉर्ड होतो, ताई. कागदावरचं तेवढंच बोलायचं. फोनवरच्या एका गिऱ्हाइकाला उपाय सांगितला, तर वरून ताकीद आली. पुन्हा बोलले तर घरी. दोन पोरी शिकतात माझ्या. डबी वर मोटरपाशी लावा म्हणून अर्ज बी दिला व्हता. त्याचं त्यांनी जादा पैशाचं ‘हादरा पॅकेज’ काढलं, लई खपतंय.”

माझा राग गेला कुठे, कळलंच नाही. मी कुणाला नाव सांगणार नाही, एवढा शब्द दिला.

परतताना सलीमभाईंनी त्यांच्या भाच्याच्या पंक्चरच्या दुकानातून टायरचे चार तुकडे मिळवून दिले, आणि गुलमंडीच्या बाजूला एका वाण्याकडून गोणपाट. त्या शहरातून लोक हिमरू शाल आणतात. मी पोतं आणलं, म्हणून गटातल्या बाया पोट धरून हसल्या. पण पायांखाली रबर-गोणपाट घातल्यावर मशीन सुरू झालं ते थांबलंच नाही. गिऱ्हाईक परत आलं.

आठव्या दिवशी फोन वाजला. “नमस्कार. आपलं मशीन आठ दिवसांत एकदाही थांबलेलं दिसत नाही. काही अडचण आहे का?”

तोच आवाज. ‘तुमचे उपकार झाले’ हे अगदी ओठावर आलं होतं, पण रेकॉर्डिंग आठवलं आणि गिळलं. “काही अडचण नाही, मॅडम,” मी म्हणाले, आणि चालत जाऊन फोन मुसळांपाशी धरला.

पुढचा प्रश्न कागदावर असणारच, पण तो आला नाही. मिरचीचा घाणा कुटून पुरा होईपर्यंत पलीकडून कोणी बोललं नाही, आणि फोनही ठेवला नाही.