मराठी न कळणारी सभा

साठ सालाच्या आगेमागेची गोष्ट. दारू सोडलेल्यांची सभा कुठे भरते हे बंगळूरमध्ये विचारायचं कसं, याचा मी घरून निघताना विचारच केला नव्हता. डॉक्टर एवढंच म्हणाले होते, "माझ्याकडे यावर औषध नाही. सोडलेली माणसं आठवड्यातून एकदा एकत्र बसतात म्हणे. त्यांच्यात नेऊन बसवा." कुठे, ते त्यांनाही धड ठाऊक नव्हतं. मी पंचविशीची, जगातली सगळी अक्कल माझ्याच पदराला बांधलेली! कँटोन्मेंटात जटक्यातून, म्हणजे तिथल्या टांग्यातून, उतरले आणि एका फाटकावरच्या राखणदाराला ठणठणीत कन्नडमध्ये विचारलं, "अण्णा, इथे दारुडे कुठे बसतात?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मागे उभ्या असलेल्या आमच्या ह्यांच्याकडे पाहिलं, आणि मोठ्या कळवळ्यानं कोपऱ्यावरचं सारायीचं, म्हणजे देशी दारूचं, दुकान दाखवलं. "स्वल्प थांबा अक्का. अजून उघडलं नाही."

हे हसले.

"हसता काय?"

"अगं, पत्ता तर बरोबर आहे."

हसण्यासारखं खरं तर काही उरलं नव्हतं. हे चिकपेटेतल्या एका शिंप्याच्या दुकानात कोट बेतायचे. सकाळी घोट घेतल्याशिवाय हात थरथरायचा, आणि घेतला की कात्री वाकडी जायची. मालकानं बजावलं होतं, आणखी एक कोट वाया गेला तर कात्री दुसऱ्याच्या हाती देईन. ह्यांना दुसरं काहीच येत नव्हतं. बोलणंही नाही. मी बोलू देत नव्हते, हा भाग वेगळा.

कँटोन्मेंटातली सभा शेवटी सापडली, एका चर्चच्या मागच्या खोलीत. सगळा कारभार इंग्रजीत. ह्यांचं इंग्रजी छाती, कंबर आणि बाही इथवर. अख्खा वेळ शहाण्या मुलासारखे बसून राहिले. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय कळलं?"

"त्या अध्यक्षाच्या कोटाचा डावा खांदा उतरलाय."

मग चामराजपेट. तिथली सभा कन्नडमध्ये. कन्नड तर ह्यांना माझ्यापेक्षा बरं यायचं. पण पाळी आली तेव्हा उभे राहिले, नमस्कार केला आणि बसले. घरी येताना मी रस्ताभर तोफा डागल्या, तेव्हा म्हणाले, "कन्नडमध्ये मी कापडाचा भाव करतो गं. हे असलं कधी बोललोच नाही. मराठीत बोललो असतो."

मराठीत! आमच्या समाजाच्या देवळात माडीवर दारू सोडलेले काही जण गुरुवारी बसायचे, असं कानावर होतं. स्थळ बघायला जावं तशी मी आधी एकटी गेले. जिन्यातूनच डोकावले तर समोर आमचं लग्न जमवणारे काका मांडी घालून बसलेले. तशीच मागे फिरले. मराठी ज्याला येते तो माझ्या सासूबाईंना ओळखतो, हा आमच्या बंगळूरचा नियम. आणि सासूबाईंना मी सांगून ठेवलं होतं, हे रविवारी गिऱ्हाइकांची मापं घ्यायला जातात.

म्हणजे जिथे बोलायची सोय तिथे भाषा नाही, आणि भाषा तिथे सोय नाही. वैतागून मी स्वयंपाकघरातली भांडी आपटली. त्यानं काही झालं नाही, फक्त एका पातेल्याला पोचा आला.

चामराजपेटच्या सभेतल्या कुणीतरी के. आर. पुरमचं नाव सांगितलं होतं. रेल्वेतली माणसं, तमिळ, तेलुगू, कन्नड, सगळी खिचडी. बायकांनी व्हरांड्यात बसायचं. मी अर्थातच खिडकीला चिकटले. म्हातारा फिटर प्रमुख होता. ह्यांनी विचारलं, "मराठीत बोललं तर चालेल?"

"सरी, चालेल. इथे कुणाला येत नाही. पण बोला."

ह्यांनी एकेक चेहरा नीट न्याहाळला. खरंच कुणाला येत नव्हती. आणि मग बोलायला लागले ते थांबेचनात. "कापड समोर पसरलं की भीती वाटते. खडूची रेघ ओढवत नाही. वाटतं, हे वाया गेलं तर? म्हणून आधी घोट लागतो." लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि यातलं अक्षर मला ठाऊक नव्हतं. मी पदर तोंडाशी धरला. तेवढ्यात पुढचं ऐकू आलं, "घरी सांगायला जावं, तर माझं वाक्य बायकोच पुरं करते."

"मी? मी कधी तुमचं वाक्य..."

सगळी खोली खिडकीकडे वळली. फिटरनं शांतपणे विचारलं, "अम्मा, तुम्ही पिता?"

"नाही!"

"मग तुम्ही तिकडे झाडाखाली."

परतताना हे म्हणाले, "पुढच्या रविवारी मी एकटाच येईन."

"रस्ता चुकाल."

"चुकलो तर विचारीन. कसं विचारायचं नाही ते कळलंय."

दारू त्याच आठवड्यात सुटली असं नाही. दसऱ्याला पुन्हा पिऊन आले, मला वाटलं संपलं. पण रविवारी सकाळी स्वतःच उठून, टोपी घालून, के. आर. पुरमला गेले. कात्री त्यांच्याच हातात राहिली.

आणि मी? इतकी पायपीट करून सभा शोधली मी, आणि मलाच तिथे मज्जाव! दर रविवारी दारातच विचारायची, "आज काय बोललात?"

"बोललो की."

"काय पण?"

चपला काढत म्हणायचे, "तुला मराठी येते ना, म्हणून सांगत नाही."