सगळ्यांना मिळून उशीर

मुलगी आता कॉलेजात जाते, तरी सकाळी खाली रिक्षाचा हॉर्न वाजला की तिच्या शाळेचे रिक्षावाले काका आठवतात. ते काशीगावचे होते. पहिलीतल्या पोरांनाही ‘या शेठ’ म्हणून आत बसवायचे.

वेळ मात्र त्यांना पाळता यायची नाही. मुलगी शाळेत सारखी उशिरा पोहोचते हे कळल्यावर एकदा मी मुद्दाम सोबत गेलो. केबिन रोडच्या एका इमारतीखाली रिक्षा थांबली ती हलेचना. वर एक छोटी मुलगी एकटीच तयार होत होती. तिची आई पहाटेच कामाला जायची.

“एकीसाठी पाच जणांना उशीर? हा कुठला हिशोब?” मी विचारलं.

“हिशोब तुमचा बरोबर हाय, साहेब. पण ती एकटी लेट गेली तर तिला गेटाबाहेर उभी करतात. आख्खी रिक्षा लेट गेली तर पोरं आत घेतात आन् शिव्या मला देतात. मला काय, घरी बायकोच्या खायची सवय हाय!”

तेवढ्यात ती धापा टाकत आली. एका पायात मोजाच नव्हता. मी घड्याळाकडे पाहिलं नाही. तिचं दप्तर मांडीवर घेतलं आणि सरकून तिला जागा दिली.