तुळसाच्या डबक्यातली पोरं

मांडवीच्या खारवी आळीत तुळसाचं नाव निघालं की जुनी माणसं आधी तिच्या तुटक्या दाताबद्दल सांगतात आणि मग डबक्याबद्दल. खरं तर उलट सांगायला हवं. पण माराची गोष्ट माणसाच्या पटकन लक्षात राहते, त्याला कोण काय करणार!

तुळसा पावस गावची. बागेत वाढलेली, समुद्र लांबून बघितलेली. तेराव्या वर्षी आत्माराम तांडेलाच्या धाकूशी लग्न होऊन ती मांडवीला आली, तेव्हा गुडघाभर पाण्यात उभं राहायलाही तिला भीती वाटायची. आणि पडली ती नेमकी अशा घरात, जिथे पोरांना पोहायला शिकवायची एक रीत होती. मुलगा सात वर्षांचा झाला की नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ द्यायचा, दुसऱ्या दिवशी होडी बाहेर काढायची आणि मुलाला खोल पाण्यात ढकलायचं. कमरेला काही बांधायचं नाही, हात द्यायचा नाही. वर आला की तो खारवी झाला. आत्मारामला त्याच्या बापाने ढकललं होतं, आत्मारामने धाकूला. होडीवर बाईने पाय ठेवायचा नाही, म्हणून आईने वाळूत ओवाळणीचं ताट घेऊन उभं राहायचं.

सन चोवीस साली तुळसा असं ताट घेऊन उभी राहिली. थोरला बाबल्या पाण्यात पडला तो वर आलाच नाही. धाकूने तीन बुड्या मारल्या. तिसऱ्या बुडीनंतर नाकातून रक्त वाहायला लागलं, तेव्हा भावकीने त्याला केसांना धरून होडीत ओढलं. बाबल्या तिसऱ्या दिवशी किल्ल्याखालच्या खडकांत सापडला. त्याचं तोंड बघू नको म्हणून बायकांनी तुळसाला धरून ठेवलं, पण तिने सगळ्यांना झिडकारून बघितलंच.

आत्माराम म्हणाला, दर्याने आपलं माणूस नेलं. धाकूला कोणाला तरी मारायचं होतं, आणि दर्याला मारता येत नाही. तूच पोराला लाडावून मऊ केलंस, असं म्हणत त्याने तुळसाला जात्यावर आपटलं. तेव्हा तिचा पुढचा दात गेला. ती रडली नाही. तोंडातलं रक्त पदराने टिपत तिने कोपऱ्यात बसलेल्या सदूकडे बघितलं. सदू तीन वर्षांचा होता. म्हणजे चार वर्षं हातात होती.

किल्ल्याखाली खडकांच्या मध्ये एक डबकं आहे. ओहोटीला दर्या मागे सरला तरी त्यात छातीभर पाणी राहतं. बाजारात मासळी विकून आली की तुळसा सदूला घेऊन तिथे जायची. पहिल्या दिवशी ती स्वतः थरथर कापत पाण्यात उतरली. पोहणं तिला कुठे येत होतं? म्हणून मग तिने शिकवायचं नावच काढलं नाही. दोघं नुसतं खेळायची. पाण्यात तोंड घालून कोण जास्त वेळ राहतो, तळाची शिंपली कोण आधी काढतो. पोफळीच्या विरीची, म्हणजे झावळीच्या रुंद देठाची, होडी सोडायची आणि वारा तिला कुठे नेईल ते आधी सांगायचं. चुकला तो हरला. मग सोडण न काढलेले दोन असोले नारळ सुंभाने सदूच्या कमरेला बांधले. महिन्या-दोन महिन्यांनी एकच ठेवला. तुळसाही तशीच तरंगायला शिकली, पोराच्या मागोमाग.

आळीतली पोरं जमायला लागली. बाजाराला जाणाऱ्या बायकांना बरंच झालं. पुढे पुढे पंधरा-वीस कार्टी डबक्यात हैदोस घालायची, एकमेकांचे केस उपटायची, शिंपलीसाठी रक्त काढायची. तुळसा त्यांना पाण्यात भांडू द्यायची. बोचकारणाऱ्याच्या हातून सुटायचं तर पाय मारावेच लागतात, हे तिला कळलं होतं. आणि सगळ्यांत आवडता खेळ भोज्याचा. तुळसा एका कडेला खडकावर उभी राहून दोन्ही हात वर करायची. ती भोज्या. दुसऱ्या कडेवरून पाण्यात उडी मारून जो तिला आधी येऊन शिवेल त्याला गुळाचा खडा.

धाकूला हे कळलं तेव्हा तो ओला दोर घेऊनच डबक्यावर आला. पोरांच्या देखत त्याने तिला फोडून काढलं. कोयत्याने सुंभ तोडलं, नारळ खडकावर आपटून फोडले.

"दर्या काय खेळ हाय?" तो म्हणाला. "खेळून कोण खारवी झाला गो?"

"आणि ढकलून झाला तो कुठं हाय?" तुळसाने विचारलं. "मार तू. मी उद्या परत येणार हाय."

दुसऱ्या दिवशी ती खरंच गेली. चोळी पाठीला चिकटली होती. पोरांनी तिच्या पाठीवरचे वळ बोट लावून मोजले, आणि एकवीसपर्यंतची मोजणी त्या दिवशी सगळ्यांची पक्की झाली. असली मोजणी कोणाच्या वाट्याला येऊ नये.

त्यानंतर धाकू कधी मारायचा, कधी नुसताच खडकावर येऊन बघत बसायचा. सन अठ्ठावीस उजाडलं तेव्हा घरात आणखी एक धाकटा पाळण्यात होता आणि सदू नारळाशिवाय डबक्याच्या चार फेऱ्या मारत होता. तरी पौर्णिमेच्या आधी तुळसाने धाकूला विनवलं, पोराला पोहता येतं, आता ढकलायचं काय कारण? धाकूने बापाकडे बघितलं. खाटेवरून आत्माराम म्हणाला, रीत मोडली तर मी अन्नाला शिवणार नाही. झालं, विषय संपला. ज्या म्हाताऱ्याचा नातू या रितीपायी गेला त्याचाच शब्द शेवटचा!

तुळसाने ठरवलं, आपण पोराच्या नजरेसमोर राहायचं. आई दिसली की धीर येईल. वाळूत उभं राहून ती त्याला दिसली नसती, म्हणून ताट तिने शेजारच्या जनीच्या हाती दिलं आणि होडी जिथून जाते त्या बाजूच्या खडकावर, डबक्याच्याही पुढे, जाऊन उभी राहिली. चूक झाली ती इथे.

धाकूने सदूला ढकललं. सदू खाली गेला आणि लगेच वर आला. होडीतली माणसं ओरडली, धाकूने दोन्ही हात पसरले. पण सदूने होडीकडे बघितलंच नाही. त्याला खडकावर आई दिसली, आणि चार वर्षांत त्याला एकच गोष्ट माहीत झाली होती, पाण्यात पडलं की आईला जाऊन शिवायचं. तो तिच्याकडे पोहायला लागला, झपाझप.

नारळ दिला म्हणून दर्या लगेच शांत होत नाही. खडकावर लाटा पुरुषभर उंच फुटत होत्या. जे पोर तिथे येईल त्याचं बाबल्यासारखं तोंड होईल. होडी तिथे आणली तर होडीच फुटली असती. तुळसा ओरडली, मागे फिर. लाटांच्या आवाजात तिचं तिलाच ऐकू आलं नाही. तिने हात वर करून मागे जा अशी खूण केली, तर सदू हसला आणि जास्तच जोरात पाय मारायला लागला. वर केलेले हात म्हणजे भोज्या. ती पाठ फिरवून पळाली असती, तर तोवर तो लाटेत आला असता.

तिने धोंडा उचलला आणि पोराच्या अंगावर फेकला.

पहिला पाण्यात पडला. सदू थांबला, त्याला वाटलं नवा खेळ आहे. दुसरा खांद्याला लागला. तिसरा तिने नेम धरून मारला. तो कपाळावर बसला आणि पाणी लाल झालं. सदूने तिच्याकडे बघितलं. त्याचं तोंड वेडंवाकडं झालं. तिने चौथा उचलला, तेव्हा तो वळला आणि जिवाच्या आकांताने होडीकडे, ज्याने त्याला ढकललं त्या बापाकडे पोहत गेला. धाकूने त्याला वर ओढून छातीशी धरलं आणि माणसांदेखत ओक्साबोक्शी रडला.

आळीत वाजतगाजत सदूला घरी आणलं. आत्मारामने नातवाच्या डोक्यावर खारव्याची टोपी चढवली. धाकू तुळसासमोर आला, खाली मान घालून म्हणाला, "तुज्यामुळं वाचला. धाकट्याला नाय ढकलणार मी." त्याने तो शब्द पाळला. त्या घरातच काय, त्या आळीतही पुन्हा कोणी पोराला ढकललं नाही. पोरं सात वर्षांची झाली की डबक्यावर यायची, आणि तुळसाने पुढची बारा वर्षं तिथे चाळीसेक पोरं तयार केली. भोज्या मात्र तिने पुन्हा कधी होऊ दिला नाही.

पण त्या दिवशी संध्याकाळी सगळी माणसं निघून गेल्यावर तिने हळद कालवली आणि सदूच्या कपाळाला लावायला हात पुढे केला. सदूने दोन्ही कोपर डोक्यावर घेतले आणि तो भिंतीशी सरकत बापाच्या पाठीमागे जाऊन बसला. हळद धाकूने लावली.