फौजदार बाई आणि न दिसणारे ठिपके

बाईंच्या तोंडून ‘छान’ हा शब्द मी कधी ऐकला नाही. निकाल दाखवला की पहिला प्रश्न ठरलेला, “कशावरून?” म्हणून आम्ही एमएस्सीची मुलं त्यांना फौजदार बाई म्हणायचो.

माझा प्रकल्प पेशीच्या सफाईवर होता. पेशी आपला जुना, बिघडलेला भाग पिशव्यांत भरते आणि जिरवून टाकते. सूक्ष्मदर्शकात त्या पिशव्या हिरव्या ठिपक्यांसारख्या चमकत. विभाजन चाललेल्या पेशींत मात्र ठिपके जवळपास नव्हतेच. मी उत्साहाने सांगितलं, “बाई, विभाजनात पेशी सफाई बंद ठेवते. पुस्तकातही आहे. जे प्रथिन पेशीला विभाजनात ढकलतं, तेच सफाईची सुरुवात अडवतं.”

“पुस्तकानं बघितलं असेल. तू काय बघितलंस?”

“ठिपके नाहीत.”

“तुमच्या दारात कचरा दिसत नाही. म्हणजे घरात कचरा होतच नाही, की गाडी रोज उचलून नेते?”

“ते कसं कळणार?” मी विचारलं.

“मग आधी गाडी अडव.”

म्हणजे पिशव्या जिरवणं औषधाने थांबवायचं. बनलेली पिशवी मग साचून दिसणारच. तेही केलं. इतर पेशी ठिपक्यांनी भरून गेल्या, विभाजनातल्या तशाच मोकळ्या. तरी बाईंचं समाधान नाही. स्लाईडवरच्या नावांवर चिकटपट्टी लावून, कुठली कोणती हे न सांगता, त्यांनी मला सगळं पुन्हा मोजायला बसवलं. तेव्हा मात्र लागलं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. हिने लबाडी केली असणार, असंच बाईंना वाटतंय, अशी माझी खात्री झाली.

बाबा न्हावा शेव्याला कंटेनरचा ट्रेलर चालवतात. ते म्हणाले, “भरवसा न्हाय तिथं कशाला ऱ्हायचं? सोड. बंदरात हापिसात चिकटवतो तुला.” तोंडी परीक्षा द्यायची आणि संशोधन सोडायचं, असं मी ठरवलं.

परीक्षेला बाहेरून आलेले सर फोटो चाळत हसले. “हे हिनंच केलंय ना, मॅडम? फारच स्वच्छ आलंय.”

मी बाईंकडे बघितलं.

“हिवाळाभर मी हाच संशय घेतला, सर,” बाई म्हणाल्या. “आता तुम्ही घ्या. पण तिला विचारा, मला नको.”

सरांनी विचारलं. त्यातला प्रत्येक प्रश्न बाईंनी मला आधीच विचारला होता.

बाहेर आल्यावर मी भीत भीत म्हटलं, “बाई, आता माझ्यावर विश्वास बसला ना?”

“तुझ्यावर? तुझ्या ठिपक्यांवर बसला. तुझं पुढं बघू.”

त्या उन्हाळ्यात बाई निवृत्त होऊन लेकीकडे गेल्या. मी संशोधनातच राहिले. आताच्या प्रयोगशाळेतली माणसं चांगली आहेत. फोटो दाखवला की सगळे पटकन ‘वा’ म्हणतात. तेव्हा मला फार एकटं वाटतं.