कंपनीची गाडी, शोरूमची गाडी

नंदू गेल्याचा फोन आला तेव्हा मी शेंगा भाजत होते. सुट्टीचे दिवस होते आणि घरातली चटणी संपली होती. मी गॅस बंद केला, शेंगा करपू नयेत म्हणून ताटात पसरल्या आणि मग खाली बसले. माझा धाकटा भाऊ उमरग्याला, त्याच्याच गॅरेजमध्ये, काम करता करता छातीत कळ येऊन गेला होता.

पुढचे दिवस मी त्याच्या घरी होते. भेटायला येणारा माणूस पाणी पिऊन झालं की एक तरी किस्सा सांगायचा. माणूस असतो तेव्हा त्याचे किस्से ज्याच्या त्याच्याकडे पडून असतात. तो गेला की सगळे एकाच सतरंजीवर येऊन बसतात.

नंदू मोटोक्रॉस खेळायचा. म्हणजे मातीच्या, उंचवट्यांच्या ट्रॅकवर मोटारसायकलची शर्यत. मी एकही पाहिलेली नाही. जे कळलं ते दोघांकडून: त्याचे गॅरेजमधले भागीदार महालिंगअप्पा आणि त्याच्याबरोबर शर्यतीत उतरणारा सलीम.

अप्पांनी आधी मला मुळातली गोष्ट समजावली. "या खेळात गाड्या दोन प्रकारच्या, ताई. एक शोरूमची. तुम्हाला मिळती, मला मिळती. तिच्यातच काय ते बदल करायचे. दुसरी कंपनीची. ती बाजारात येतच न्हाय. कंपनी आपल्या रायडरपुरती बनवती आणि शर्यत झाली की झाकून घेऊन जाती."

नंदूची गाडी शोरूमची. खुल्या गटात दोन्ही प्रकार एकत्र पळायचे आणि कंपनीची गाडी पुढं जायची. म्हणून त्याचा एकच प्रश्न असायचा: "मी हरतो कुणाकडनं? त्या गाडीकडनं का वर बसलेल्या माणसाकडनं?"

त्याची बायको सुनंदा म्हणाली, "मी खेळ सोडा म्हणायचे. ते म्हणायचे, एवढं कळू दे, मग सोडतो."

* * *

नवी गाडी घेतली त्या दिवशीचा किस्सा सलीमचा.

शोरूममध्ये हार घातला, नारळ फोडला, किल्ली हातात देताना फोटो काढला. फोटो झाल्याबरोबर नंदूनं खिशातून पाना काढला. तिथंच बसून त्यानं आरसे काढले, इंडिकेटर काढले, हेडलाईट काढला, साडीगार्ड काढलं. सेल्समन घाबरला.

"साहेब, गाडीत काही डिफेक्ट आहे का?"

"न्हाय ओ. सामान जादा हाय."

आणि नवी कोरी गाडी टेम्पोत घालून घरी आणली.

* * *

त्याच टेम्पोतून सोलापूरला जाताना पोलिसांनी अडवलं. गाडीला आरसा नाही, दिवा नाही, नंबर नाही.

"चोरीची हाय का?"

"चोरीची असती तर हे सगळं असतं की, साहेब."

पोलीस पुन्हा एकदा टेम्पोत डोकावला आणि "जा" म्हणाला.

* * *

कंपनीच्या गाडीवर कायम ताडपत्री. आत काय आहे ते काढून आणायची कामगिरी एकदा अप्पांवर आली, कारण कंपनीचा मेकॅनिक कानडी बोलणारा निघाला. अप्पा त्याच्याशेजारी उकिडवे बसले. दोघांचं बराच वेळ कानडीत चाललं, हसणं झालं, तंबाखू झाली. नंदू आणि सलीम लांबून बघत होते.

अप्पा परत आले. नंदूनं विचारलं, "काय कळलं?"

"त्याची सासरवाडी आळंद."

"आणि गाडीचं?"

"आळंद म्हणजे माझ्या मामाचं गाव. तिथल्या जावयाला असलं कसं विचारायचं?"

* * *

मग नंदूनं स्वतःच शोध सुरू केला. शर्यत संपली की तो ट्रॅकवर वाकून मातीतल्या खुणा बघत फिरायचा. उंचवट्यावरून खाली आल्यावर कंपनीची गाडी एकदाच टेकते आणि सरळ निघते. आपली दोन-तीनदा उसळते, हे त्यानं हुडकून काढलं. फरक धक्के झेलणाऱ्या शॉकअपमध्ये आहे, असं ठरलं. गॅरेजमध्ये शॉकअप उघडून त्यात जाड ऑईल भरलं. गावाबाहेर पडीक रानात मातीचा उंचवटा केला. शेजारच्या शेतकऱ्यानं विचारलं, "बांध घालताय व्हय?"

नंदूनं जोरात गाडी आणली, वर उडवली.

"मग?" मी विचारलं.

"जमलं की, ताई," सलीम म्हणाला. "गाडी एकदाच टेकली. नंदूभाई तीनदा."

त्या घरात पहिल्यांदा हसली ती सुनंदा. मग आम्ही हसलो.

* * *

फक्त शोरूमच्या गाड्यांच्या गटात नंदू एकदा पहिला आला. त्या गटात कुणी हरकत घेतली तर जिंकणाऱ्याचं इंजिन सगळ्यांसमोर उघडतात. हरकत आली. इंजिन उघडलं, एकेक भाग मोजला, सगळं नियमातलं निघालं. दुसरा कुणी चिडला असता. नंदू खूश. तपासणाऱ्यालाच म्हणाला, "हत्यारं बाहेर हायतच, तर कंपनीची पण उघडा की."

"तिला नियमच नाहीत. तपासायचं काय?"

"तपासू नका. नुसतं बघू."

* * *

शेवटचा किस्सा अप्पांनी माणसं पांगल्यावर सांगितला. गेल्या वर्षीचा, सोलापूरचा.

शर्यती संपल्या होत्या. कंपनीच्या टीमचा मॅनेजर स्वतः नंदूजवळ आला. "दरवर्षी तुम्ही आमच्या गाडीभोवतीच्या दोरीपाशी उभे असता," म्हणाला. "या, एक राऊंड मारा."

ताडपत्री काढली. सलीमनं हेल्मेट आणून दिलं. नंदूनं हातमोजे घातले, गाडीवर बसला, दोन्ही पाय टेकवून अंदाज घेतला आणि किक मारली. समोर ट्रॅक मोकळा होता.

"क्लच दाबलेला होता, ताई," अप्पा म्हणाले. "नुसता गिअर टाकायचा राहिला होता."

नंदू तसाच बसून राहिला. इंजिन ऐकत होता, असं अप्पांना वाटलं. मग त्यानं गाडी बंद केली, खाली उतरला, शर्टाच्या बाहीनं सीट पुसली आणि मॅनेजरच्या हातात हात देऊन "लई उपकार झाले" म्हणाला.

परत येताना वाटेत अणदूर आलं तेव्हा सलीमनं विचारलं, "नंदूभाई, का ओ?"

"चहा घेऊ," नंदू म्हणाला.

एका राऊंडमध्ये त्याला कळलं असतं, गाडी का वर बसलेला माणूस. त्यानं ती गाडी चालवली नाही.